दिवसा राम, रात्री कृष्ण

सावंतवाडी,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

चि. बाय हिला
अनेक आशीर्वाद.

मतदानाला गावी आलेल्या तुझ्या मैत्रिणीने तुझी वही आणून दिली. तिच्याकडे लाडू दिले होते, ते पोचले असतील. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर हे सांगायला गेले तर तू अर्ध्यातच "आई, जाऊ दे ना" म्हणशील आणि माझंही पुढचं राहून जाईल. कागदावर कुणी मध्ये बोलत नाही.

गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेला आपल्या गंजिफांचा, या गोल पत्त्यांचा, तुझा फोनवरचा गेम घेऊन गेलीस. हैदराबादहून पुण्याला परत आलीस त्या दिवशी म्हणालीस, "तीन दिवस गेले, नऊ हजार गेले, हाती काही लागलं नाही." मी नुसतं बरं म्हटलं. तेव्हा वही वाचली नव्हती. आता दोनदा वाचली आहे, एकदा घरी आणि एकदा राजवाड्यात दरबार हॉलमध्ये, दुपारी पर्यटक नव्हते तेव्हा. तुझं ते वाक्य मला पटलेलं नाही. का, ते सांगते.

पहिल्या दिवसाचं जेमतेम दीड पान आहे. आदल्या दिवशी हुसेनसागर एक्सप्रेसने पोचलीस आणि बुधवारी सकाळी एचआयसीसी या परिषदेच्या केंद्राच्या दारात गळ्यात विद्यार्थ्यांचा पास अडकवून उभी राहिलीस. त्या संध्याकाळी आपल्याकडे तुळशीचं लग्न होतं. अंतरपाट दरवर्षी तू धरतेस, यंदा शेजारच्या मुलीने धरला. मी फोन केला तेव्हा "मस्त चाललंय" म्हणालीस. वहीत मात्र लिहिलंयस, की दुपारपासून एका खांबापाशी कॉफीचा कप घेऊन उभी होतीस आणि कुणाशी एक शब्द बोलली नव्हतीस. सगळे एकमेकांना ओळखतात, आपल्यालाच कुणी ओळखत नाही, असं वाटत होतं. बाय, मी राजवाड्यात गंजिफा रंगवायच्या कामाला लागले तेव्हा लाखेचा हात पानावर कधी द्यायचा एवढंही तीन दिवस कुणाला विचारलं नव्हतं. चौथ्या दिवशी माझं पान चिकटून खराब झालं, तेव्हा शेजारच्या बाईंनी आपणहून दाखवलं. पहिला दिवस असाच जातो. त्याबद्दल याहून जास्त मला काही म्हणायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वही भरायला लागते. अक्षरही बदलतं, घाईचं होतं. खेळणाऱ्याची पहिली तीस सेकंदं कशी सांभाळायची यावरच्या भाषणाची तू पाच पानं टिपणं घेतली आहेस. त्यात चौकटीत लिहिलंय, "दुसरा माणूस आपला गेम खेळत असताना तोंड बंद ठेवायचं. समजावलं की परीक्षा वाया गेली." हे वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढे त्याचा उपयोगही केला, ते शेवटी सांगते.

तिथेच कुणीतरी सांगितलेली एक गोष्ट तू मोठ्या अक्षरांत उतरवून खाली दोन रेघा मारल्यास. १९८८ साली अमेरिकेत सॅन होजे इथे ख्रिस क्रॉफर्ड या गेम बनवणाऱ्याने आपल्या घराच्या बैठकीच्या खोलीत पंचवीस-तीस जणांना बोलावलं आणि दिवसभर आपापल्या कामाबद्दल बोलत बसले. त्यातूनच सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमध्ये भरणारी गेम बनवणाऱ्यांची परिषद, जीडीसी, उभी राहिली, जिथे आता जगभरातून हजारो लोक जातात. तू ज्या आयजीडीसीला, आपल्या देशातल्या तशाच परिषदेला, गेलीस तीही पूर्वी नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या नावाने भरायची, काही वर्षं तर पुण्यातच भरली होती, हे मला तुझ्या वहीतून कळलं. ती बैठकीच्या खोलीची गोष्ट मला लगेच समजली. गंजिफांचं तसंच झालं होतं. राणीसाहेब सत्वशीलादेवींनी हे काम पुन्हा उभं करायचं मनावर घेतलं, तेव्हा ते येणारे पुंडलिक चितारी हे एकटेच म्हातारे कारागीर उरले होते. राणीसाहेब त्यांच्याकडून स्वतः शिकल्या, मग राजवाड्यातच माणसं बसवून त्यांना शिकवलं. त्या माणसांनी ज्यांना शिकवलं त्यांच्यात मी एक. एका खोलीत बसलेली थोडी माणसं एकमेकांना आपलं काम दाखवतात, यात किती ताकद असते ते मला कुणी समजावून सांगायला नको.

आता जेवणाच्या रांगेतलं. पुढे उभ्या असलेल्या, वयाने मोठ्या बाईंनी तुला सहज विचारलं, "तू काय बनवतेस?" आणि तू सुरुवात केलीस ती मोक्षपटापासून, म्हणजे जुन्या सापशिडीपासून. मग गंजिफा, मग दशावतार, मग तुझा प्रोजेक्ट, मग गाइड सरांना काय वाटतं. त्यांचं ताट भरलं, जेवण होत आलं, तरी तू खेळापर्यंत पोचली नव्हतीस. त्या चांगल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे सगळं एका वाक्यात सांगता आलं तर मला फोन करून सांग." तू लिहिलंयस की लाजेने जेवण गेलं नाही. मला मात्र त्या बाईंना नमस्कार करावासा वाटला. मुलीला असं प्रेमाने अडवणारं माणूस परक्या गावात भेटणं ही साधी गोष्ट नाही.

आणि त्या रात्री तुम्ही तिघींनी काय केलंत ते वाचून मला सर्वांत आनंद झाला. नागपूरची ती मुलगी, कोचीची ती मुलगी आणि तू, लॉजच्या एका खोलीत एकमेकींसमोर उभ्या राहून आपापलं वाक्य म्हणून दाखवत होता. वहीत तुझं वाक्य अकरा-बारा वेळा खोडलेलं आहे. शेवटी राहिलं ते असं: "आमच्या गावचा जुना पत्त्यांचा खेळ आहे, सूर्य मावळला की त्यात उतारी बदलते."

बाय, पंचवीस वर्षांत मला इतकं सोपं सांगता आलेलं नाही. पर्यटक विचारतात तेव्हा मी दहा अवतारांपासून सुरू करते, राजा आणि वजीर धरून प्रत्येकाची बारा पानं, एकूण एकशेवीस, पाच अवतारांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा. मत्स्य-कूर्मापर्यंत येईतो लोकांची नजर खिडकीतून मोती तलावाकडे गेलेली असते. काल कोल्हापूरहून एक जोडपं आलं होतं. मी तुझं वाक्य जसंच्या तसं म्हणून पाहिलं. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हातात त्याची उतारी, म्हणजे पहिलं पान त्याने टाकायचं, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. नवरा म्हणाला, "म्हणजे? दाखवा बघू." दोघं खुर्ची ओढून बसले. अर्धा तास बसले.

तिसऱ्या दिवसाचं पान मी सर्वांत जास्त वेळा वाचलं. तिथे छोट्या गटांना आपला गेम मांडायला टेबलं असतात, आणि गोव्याच्या दोन मुलांनी त्यांच्या टेबलाचा एक कोपरा तुला दुपारी दोन तास दिला. कुणाची ना ओळख ना पाळख. आदल्या दिवशी त्यांचा गेम तू मन लावून खेळलीस आणि आवाज कुठे अडकतो ते त्यांना सांगितलंस, एवढीच तुमची ओळख. तुला नेटवर्किंग जमत नाही असं तू तीनदा लिहिलंयस. मग हे काय होतं? आपण दुसऱ्याच्या कामाकडे नीट बघितलं, म्हणून त्याने आपल्याला बसायला जागा दिली. माझ्या आईने बाजारात भाजी विकायला बसायची जागा अशीच मिळवली होती, शेजारणीची टोपली उचलू लागून.

त्या कोपऱ्यात तू तुझा फोन ठेवलास आणि दोन तासांत अकरा जण खेळले. मोठ्या स्टुडिओत काम करणारा एक माणूसही आला. त्याच्याबद्दल तू लिहिलंयस: "चार मिनिटं. फोन खाली ठेवला. 'छान आहे' म्हणाला. गेला." त्यापुढे पानभर कोरं आहे.

ते कोरं पान पाहून माझ्या पोटात कालवलं. पण आता माझं ऐक. मी आजवर गंजिफांचे किती संच रंगवले याची मोजदाद मी ठेवलेली नाही. वराहाचे शंख, वामनाचे कमंडलू, परशुरामाचे परशू डोळे मिटून काढीन. हे संच लोक प्रेमाने नेतात, लग्नात भेट देतात, फ्रेम करून भिंतीवर लावतात. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी माझ्याच हातचा कल्की काचेत पाहिला आहे. पण एकही संच कुणी खेळताना मी पाहिलेला नाही. एकही नाही. संचाबरोबर नियमांचा कागद असतो, तो उघडलाही जात नसेल. ही खेळायची पानं आहेत. त्यांना वाटायचं असतं, पिसायचं असतं, घामाच्या बोटांनी धरायचं असतं, हरल्यावर जमिनीवर आपटायचं असतं. मी जी पानं करते ती त्यातलं काहीही न होता जुनी होतात.

त्या शुक्रवारी हैदराबादमध्ये अकरा माणसांनी आपल्या गंजिफांचा डाव मांडला. कुणी पुरा केला नसेल. तो चार मिनिटांत उठून गेला असेल. तरी चार मिनिटं तो खेळला, उतारी कुणाची याचा विचार केला, पान टाकलं. माझ्या हयातीत हे पहिल्यांदा झालं आणि ते तू केलंस. नऊ हजार गेले म्हणतेस. मी त्या चार मिनिटांसाठी आणखी नऊ हजार देईन, हप्त्याने का होईना.

बाकीच्या गोष्टी आता थोडक्यात.

पोर्टफोलिओ पाहणारे ते गृहस्थ म्हणाले, की यात सगळं थोडं थोडं आहे, तुला नक्की काय व्हायचंय? तुला ते लागलं. पण त्यांचा प्रश्न खरा आहे. आपल्या चितारआळीत लाकडाचं फळ कातणारा वेगळा, रंगवणारा वेगळा. दोन्ही येतं म्हणणाऱ्याला लोक आधी विचारतात, पोटाला कशावर? कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तू कोडही लिहिलंस, चित्रंही काढलीस, आवाजही केलास, कारण गटात तिघंच होतात. स्टुडिओला मात्र एका जागेसाठी एक माणूस हवं असतं. मला विचारशील तर तुझं मन पडद्यावरच्या पानांत, बटणांत, अक्षरांत रमतं. माणसाच्या बोटाला कुठे काय लागेल, ते तुला चटकन दिसतं. लहानपणी माझ्या रंगाच्या वाट्या तूच हाताच्या अंतरानुसार लावून ठेवायचीस. पोर्टफोलिओत तेवढंच पुढे ठेव, बाकीचं मागे जाऊ दे. अर्थात हे आईचं मत आहे. तुझ्या गाइड सरांनाही विचार.

तो दुसरा माणूस, ज्याने जेवताना सांगितलं की यात पैसे लावायची सोय कर, मग गुंतवणूकदार मिळतील, त्याला तू नाही म्हणालीस हे वाचून बाबांनी वही खाली ठेवली आणि जरा वेळ काही बोललेच नाहीत. निवडणुकीच्या ड्युटीवरून दमून आले होते, तरी रात्री पुन्हा तोच विषय काढला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी लागू झाला, पुढे कायदा काय होईल सांगता येत नाही, असा त्यांचा हिशेब. माझा हिशेब वेगळा आहे. आजी अजून म्हणते, "पत्ते म्हणजे जुगार नाय तर काय गो?" गणपतीत रात्री डाव बसायचे, त्यांत तिच्या भावाने जमिनीचा तुकडा घालवला होता. ती खोटं बोलत नाही. रामाकृष्णाची पानं हातात देऊन कुणाच्या पोराचा पगार काढून घ्यायचा, हे आपल्या घरातून होणार नाही. तू ठाम राहिलीस. शाबास.

मला भीती कशाची वाटते तेही लिहिते, लपवत नाही. या दोन वर्षांत जगभर गेम बनवणाऱ्या कंपन्यांनी हजारो लोकांना घरी बसवलं, हे मी बातम्यांत पाहिलं आहे. तुझ्याच वहीत आहे, की तिथे भेटलेल्यांतले दोन जण नोकरी गेल्यावर नवी शोधायला आले होते. आपल्याकडे बरंचसं काम परदेशी गेमसाठी चित्रं आणि मॉडेल करून देण्याचं असतं, तिकडे खोकला आला की इकडे ताप येतो. म्हणून माझं एकच मागणं आहे. पदवी पूर्ण कर, शेवटच्या वर्षात हेळसांड करू नकोस. या कामात उतरू नकोस असं मी म्हणत नाही. मी स्वतः अशा कामात आहे जे एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात येऊन थांबलं होतं. कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि माझ्या मनात आशा आहे, तीही नुसती आईची म्हणून नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' तू मला सुट्टीत दाखवला होतास. त्यातल्या पहाडी चित्रांसारख्या भिंती मी थांबवून थांबवून बघितल्या आणि तू रागावलीस की मी गेममधल्या मुलीला पुढेच जाऊ देत नाही. त्यांनी २०१७ मध्ये लोकांकडून पैसे जमवायचा प्रयत्न केला तो पुरा पडला नव्हता, तरी २०२० मध्ये गेम बाहेर आला. कॅनडातल्या तमिळ आईचा तो 'वेन्बा', ज्यात फाटलेल्या पाककृतींच्या वहीवरून इडली कशी लावायची ते शोधावं लागतं, त्याला यंदा मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्वतंत्र गेमच्या महोत्सवात सर्वांत मोठं पारितोषिक मिळालं. इडलीपात्र म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसांनीही तो खेळला असणार. मग उतारीचा राम त्यांना का नाही कळणार?

आता त्या कार्डांचं. वहीच्या मागच्या खिशात रबर लावून तेवीस कार्डं आहेत. एकाही कार्डामागे काही लिहिलेलं नाही आणि तू अजून एकालाही पत्र टाकलेलं नाहीस, असं मैत्रीण म्हणाली. हे मला आवडलं नाही. माणूस भेटतो तेव्हा नुसती तोंडओळख होते. खरी ओळख नंतर होते. माझ्याकडे अशी एक जुनी वही आहे, तुला माहीत आहे. कुणी संच नेला की नाव, गाव आणि त्यांनी काय विचारलं ते लिहिते आणि दिवाळीला चार ओळी पाठवते. त्यात काही विकत घ्या असं कधी लिहीत नाही. सात वर्षांपूर्वी बडोद्याच्या एका बाईंनी नुसताच नृसिंह कुठला म्हणून विचारलं होतं, काही घेतलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी नऊ संचांची ऑर्डर आली.

तू असं कर. या आठवड्यात रोज तीन जणांना लिही. नोकरी द्या, इंटर्नशिप द्या असं पहिल्याच ओळीत मागू नकोस. त्यांच्याशी काय बोलणं झालं ते एक सांग आणि त्यानंतर तू काय केलंस ते एक सांग. रांगेतल्या त्या बाईंना पहिलं लिही. त्यांनी वाक्य मागितलं होतं, वाक्य तयार आहे, आणि उशीर केलास तर तुझं वाक्य राहील पण त्यांच्या मनातला प्रश्न विझेल. कोलकात्याच्या त्या आवाजाचं काम करणाऱ्या मुलाला लिही की त्याने सांगितल्याप्रमाणे खऱ्या पानांचा आवाज घेतला आहे. हो, घेतला आहे. गुरुवारी दुपारी हॉल रिकामा असताना पंखे बंद करायला लावून लाखेची पानं पिसताना तीन वेळा रेकॉर्ड केला. कागदी पत्त्यांसारखा फरफर आवाज येत नाही, वाळलेल्या करवंट्या एकमेकींवर घासाव्यात तसा येतो. तिसऱ्या वेळी तलावाकडून एक गाडी हॉर्न वाजवत गेली, तो तुकडा काढून टाक.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं. तुझ्या अकरा जणांची यादी मी पुन्हा वाचली. प्रत्येकापुढे तू मिनिटं लिहिली आहेस: चार, चार, नऊ, पाच, चार... सात जण चार-पाच मिनिटांत उठले. सगळे वेगवेगळी माणसं, मग एकाच जागी का उठले? तुझ्या गेममध्ये संध्याकाळ कधी होते ते मी घड्याळ लावून पाहिलं. चौथं मिनिट सरता सरता होते.

म्हणून शुक्रवारी काम सुटल्यावर आमच्यातल्या तिघींना एकेक करून माझ्या फोनवर तुझा गेम खेळायला बसवलं. पानं हाताने रंगवणाऱ्या बायका, अवतार त्यांना पाठ. तुझ्या भाषणवाल्यांनी सांगितलंय तसं मी तोंड बंद ठेवलं. फार अवघड गेलं. दोनदा पदर तोंडात धरला. जे पाहिलं ते लिहून ठेवलं आहे, ते देते.

पहिलीने पान उचलायच्या आधी ते बोटाने फिरवायचा प्रयत्न केला. तिघींनीही केला. पान गोल आहे, हातात आलं की आपण ते फिरवतोच, सुलट करायला. तुझं पान फिरत नाही. त्याचा उपयोग काही नसला तरी ते फिरू दे.

दुसरीच्या अंगठ्याखाली आकडे झाकले जात होते. ती मान वाकडी करून बघत होती.

आणि संध्याकाळ झाली तेव्हा पडदा निळा-काळा झाला, कृष्णाचा राजा पुढे आला, पण एकीलाही ते कळलं नाही. पहिली म्हणाली, "चार्जिंग संपत आलं गो तुझं." दुसरीने पडद्याचा उजेड वाढवायला वरून बोट ओढलं आणि गेममधून बाहेर पडली. तिसरी रामाच्या उतारीने पान टाकत राहिली, पान पडेना, तिला वाटलं तिचंच काही चुकतंय, आणि तिने फोन माझ्याकडे दिला. "छान आहे," म्हणाली. अगदी तुझ्या त्या माणसासारखं.

म्हणजे त्या सात जणांना गंजिफा आवडल्या नाहीत असं नाही. त्यांना रात्र झालेली कळली नाही.

मी रात्रभर यावर विचार केला. नुसता अंधार झाला म्हणजे आपल्याकडे संध्याकाळ होत नाही. दिवेलागण होते. आई हात धुते, देवापाशी जाते, दिवा लावते, मुलं खेळ टाकून हात जोडतात, मग पुढचं. तुझ्या गेममध्ये कुणी दिवाच लावत नाही. खेळ क्षणभर थांबू दे, खेळणाऱ्याला स्वतःच्या बोटाने वात लावू दे, आणि त्या उजेडात कृष्ण दिसू दे. मग कुणाला चार्जिंगची शंका येणार नाही.

आपली पितळी समई आज घासून, वात घालून, संध्याकाळी लावून ठेवली होती. तिचे पाच फोटो काढले आहेत, दोन बाजूंनी, एक वरून, एक अगदी वातीजवळून, आणि एक न लावलेल्या समईचा. बाबा उद्या पणजीच्या गाडीवरून आले की त्यांच्या फोनवरून पाठवते. माझ्या फोनवर अंधारातले फोटो नीट येत नाहीत.

तुझी
आई